बोक्याच्या ओळी

लिफ्टवाल्याच्या हत्यारांच्या पिशवीत लाल वायरचा एक तुकडा असायचा. हातभर लांब, दोन्ही टोकांना चिमटे. लिफ्टच्या दारापाशी एक संपर्क बसवलेला असतो. दार पुरतं लागलं नाही तर तो लिफ्टला जागची हलू देत नाही. दुरुस्ती करताना कधी कधी त्या संपर्कालाच बगल द्यावी लागते. तेवढ्यापुरती वायर लावायची, लिफ्ट वरखाली करून दोष शोधायचा आणि वायर काढून घ्यायची. काढायची राहिली तर दार उघडं असतानाही लिफ्ट पळते. मग काय होतं ते त्यानं एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर काळी-निळी वायर त्यानं सोडली. लालच वापरायची, डोळ्यांत खुपेल अशी. काम संपलं की आधी वायर पिशवीत, मग कागदावर सही.

या बाबतीत तो कोणाची भीडभाड ठेवत नसे. एकदा बरोबरचा मेकॅनिक वायर तशीच ठेवून डबा उघडून बसला.

"जेवून काढतो की," मेकॅनिक म्हणाला, "वायर काय पळून चालली का?"

"वायर नाही पळणार. लिफ्ट पळेल. आणि मग तू पळशील, मी पळेन, आणि ज्याचा पाय अडकलाय तो तेवढा तिथंच राहील. ऊठ!"

मेकॅनिक तोंडातला घास तसाच ठेवून उठला. लिफ्टवाल्याशी वाद घालण्यात कोणाला रस नसायचा. माणूस सरळ, पण तोंडानं फाटका. गच्चीवरच्या त्या मशीनच्या खोलीत, जिथं दोर, चाकं आणि ग्रीसचा वास यांच्याशिवाय कोणी नसतं, तिथं राहून राहून त्याला माणसांशी हळू बोलायची सवयच उरली नव्हती.

हा माणूस आणखी एक काम करायचा. त्या कामाची बिल्डिंगमध्ये कोणाला कल्पना नव्हती, आणि असती तरी कोणी चहा पाजला नसता.

कणगी नावाचा एक डेटाबेस आहे. डेटाबेस म्हणजे नोंदींचं कोठार: कोण आलं, काय घेतलं, काय राहिलं, सगळं त्यात. कणगीचा सगळा मजकूर उघड्यावर ठेवलेला. कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा, कोणीही फुकट वापरावा. वापरणारे ढीगभर, सुधारणारे मूठभर. दवाखाने, वाचनालयं, पाणीपुरवठ्याची कार्यालयं या कोठाराच्या छपरावर आरामात बसलेली असतात. खाली खांदा देऊन कोण उभं आहे, हे बघायला कोणी वाकत नाही. छप्पर हललं की मात्र वाकतात, तेही शिव्या घालायला.

या कोठाराच्या खालच्या खांबांपैकी एक खांब लिफ्टवाल्यानं आणि बोक्यानं मिळून उभा केला होता.

बोका हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. घाऱ्या डोळ्यांमुळे पडलेलं नाव, पुढे त्यानं तेच मिरवलं. दोघंही लिफ्टच्या कंपनीत लागले, दोघांनीही गोदामात टाकून दिलेल्या कंप्युटरवर धडपडत हे काम शिकून घेतलं. कोणी शिकवलं नाही, कोणी अडवलंही नाही. बोक्याचं डोकं तल्लख, हात आळशी. लिफ्टवाल्याचं उलटं. जमलं ते त्यामुळेच.

त्यांच्या वाट्याला आलेला भाग मेमरी वाटायचा. लॉजच्या मॅनेजरसारखं काम. कणगीत कोणतीही नोंद उघडली की तिला कंप्युटरच्या मेमरीत बसायला जागा लागते. मॅनेजरनं खोली द्यायची, कोणती खोली केवढी आणि कोणाकडे ते लक्षात ठेवायचं, माणूस गेला की परत ताब्यात घ्यायची. एकाच खोलीत दोन अनोळखी माणसं घातली की राडा ठरलेला. बोक्यानं लिहिलेली फाइल म्हणजे हा मॅनेजर.

मग बोका गेला. साधा ताप आला, दोन दिवस अंगावर काढला, आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आजारपण म्हणावं इतकीही उसंत त्यानं दिली नाही.

काही महिन्यांनी वहिनींनी, म्हणजे बोक्याच्या बायकोनं, लिफ्टवाल्याला घरी बोलावून घेतलं. त्या एका चष्म्याच्या दुकानात काच बसवायचं काम करतात. बोलणं मोजकं, हात स्थिर.

"भाऊजी, ह्यांचं ते कंप्युटरमधलं काम बघता येतं का हो? तुम्ही दोघं वर गच्चीत बसून काय करायचात, मला कधी कळलं नाही."

त्यानं फाइल उघडून दिली. कणगीच्या साइटवर एक सोय आहे. प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला, त्या ओळीला शेवटचा हात कोणी लावला त्याचं नाव येतं. धंद्यातले लोक तिला 'ब्लेम' म्हणतात. काही बिघडलं तर खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं ते कळावं, एवढ्यासाठीच ती केलेली. वहिनींना यातलं काही त्यानं सांगितलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच: बोका, बोका, बोका, बोका. पडद्याच्या कडेनं वरपासून खालपर्यंत. त्यांनी बोट लावलं आणि ते हळूहळू खाली नेत राहिल्या.

"हे कोणाला दिसतं?"

"जगात कुठंही बसलेल्या माणसाला."

"आणि पुसणार नाही ना कोणी?"

"मी आहे तोवर या फाइलला कोणी हात लावणार नाही, वहिनी."

शब्द दिला तो असा, उभ्याउभ्या. मग वर्षं गेली. दुकानात गिऱ्हाईक नसलं की वहिनी मधूनच फोनवर ते पान उघडून बघायच्या, हे त्याला माहीत होतं. त्यामुळे बोक्याच्या फाइलवर त्याचा पहारा कडक. कोणी सुधारणा पाठवली की हा अंगावर धावून जायचा. "चालतंय ना? मग चालू दे. सुरळीत चाललेल्या लिफ्टची मोटार खोलून बघतोस का तू?" सुधारणा पाठवणारा मुकाट्यानं परत जायचा. कारण सांगायला लाज वाटावी असं नव्हतं, पण ते त्यानं कोणाला सांगितलंही नाही.

एकदा मात्र अडचण आली. नोंदी मोठ्या व्हायला लागल्या होत्या. बोक्याच्या पद्धतीत प्रत्येक खोलीच्या दारावर एक चिठ्ठी असायची, खोली केवढी ते सांगणारी, आणि त्या चिठ्ठीत मोठा आकडा मावायचा नाही. म्हणून बोक्यानं फाइलच्या तोंडाशीच एक अडसर घातला होता: एका मापापेक्षा मोठी मागणी आली की सरळ नाही म्हणायचं. लोक तक्रार करू लागले. तेव्हा लिफ्टवाल्यानं वेगळी फाइल लिहिली. घराला हात न लावता बाजूनं पडवी काढावी, तशी. अगदीच अवाढव्य मागणी पडवीतूनच, थेट कंप्युटरकडून जागा घेऊन, परस्पर भागवायची. मधल्या मापाची मागणी बोक्याच्या अडसराला वळसा घालून थेट आतल्या खोलीत पाठवायची. चिठ्ठीत मावतंय तेवढंच पाठवतोय, मग भीती कसली? काम झालं, बोक्याची एक ओळसुद्धा हलली नाही. स्वतःवर तो भलताच खूश झाला होता.

पडझड सुरू झाली त्यानंतर बऱ्याच काळानं, आणि तीही एकाच ठिकाणाहून. एका डायलिसिस केंद्रातून तक्रार आली की कणगी मधेच कोसळते. 'मेमरी देता येत नाही' असा शेवटचा निरोप टाकते आणि बंद पडते. मग आपोआप पुन्हा उठते, पण शेवटची नोंद गायब झालेली असते.

कणगीची सगळी सूत्रं ज्या बाईंच्या हातात होती, त्यांना सगळे मुकादम म्हणायचे. वयानं लहान, आवाजानं मऊ, आणि एकदा धरलेलं न सोडणाऱ्या. त्यांनी फोन केला तेव्हा लिफ्टवाला मशीनच्या खोलीत दोराला तेल देत होता.

"दादा, क्रॅश तुमच्या घरात होतोय."

"माझ्या घरात होतोय म्हणून माझा होत नाही. चोर दुसरीकडून येतो आणि मरायला आमच्या दारात पडतो. कोणीतरी दुसऱ्याच्या जागेत पाय ठेवतंय. तो छपाईचा भाग लिहिणारा प्राध्यापक आहे ना, त्याला विचारा."

"त्यांनी तपासलं. त्यांच्याकडे काही नाही."

"मग पुन्हा तपासायला सांगा! विद्यापीठात वेळ भरपूर असतो त्यांना."

हे फोनवर बोलून तो थांबला असता तर निभावलं असतं. त्यानं ते सगळ्यांच्या देखत, चर्चेच्या पानावर लिहिलं. प्राध्यापकांनी पुन्हा तपासलं, काही सापडलं नाही असं एका ओळीत कळवलं, आणि त्यानंतर ते कणगीच्या वाटेला फिरकले नाहीत.

घरी लिफ्टवाल्यानं केंद्रासारखी खोटी नोंदवही उभी केली. खोटे पेशंट, खोट्या तारखा. कणगी ढिम्म. काही केल्या पडेना. तपासणीची कळ दाबून चालवली तर जास्तच शहाण्यासारखी वागायची. पेशंटच्या खऱ्या नोंदी बाहेर पाठवायला केंद्राची मनाई होती, आणि ते बरोबरच होतं. मुकादमांनी शेवटी स्पष्ट सांगितलं.

"दादा, पुढच्या आवृत्तीच्या आत कारण सापडलं नाही तर हा सगळा भाग काढून टाकायचा, असं बहुतेकांचं मत आहे. कंप्युटरची आयती मेमरी वापरू. थोडं हळू चालेल, पण पडणार नाही."

"बोक्याची फाइल काढणार?"

"इतिहासात राहतेच ना. जुन्या आवृत्त्या कुठं जात नाहीत."

"इतिहासात सगळेच राहतात हो. मी घरात कोण राहतं ते विचारतोय."

 त्यानं फोन ठेवला, दुसऱ्या दिवसाची रजा टाकली आणि सकाळी उठून केंद्रात गेला.

केंद्र एका बाजाराच्या वरच्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, लिफ्ट जुनी. चढताना त्यानं सवयीनं तिच्या दाराचा आवाज ऐकला. आत लांबलचक हॉल, भिंतीला लागून आरामखुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी घरघरणारं मशीन. नळ्यांतून रक्त जात होतं, येत होतं. माणसं डोळे मिटून पडलेली. दाराशी वजनाचा काटा आणि काउंटर, काउंटरवर कणगी चालवणारा कंप्युटर. त्यामागे बसलेली ताई हसतमुख होती, पण त्या कंप्युटरकडे ती माहेरी आलेल्या भांडखोर नणंदेकडे बघावं तशी बघत होती.

"तुम्हीच का ते कणगीवाले? बसा, तिथं स्टूल आहे. आता बघा मजा. ड्रायव्हरकाका यायची वेळ झाली. ते आले की हा झोपतोच."

"म्हणजे?"

"पांढऱ्या पायाचे आहेत ना आमचे काका!"

"ऐकलं मी!" दारातून आवाज आला. एक थकलेला, पण खांद्यानं अजून रुंद असा म्हातारा भिंतीला धरून आत येत होता. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला. "पोरी, मी एवढी वर्षं गाडी चालवली, एकदा रस्त्यात बंद पाडली नाही. तुझ्या खोक्याचंच पोट बिघडलंय. नाव माझं घालतेस?"

"मग तुमच्याच वेळी का हो पडतं? नवीन पेशंटच्या वेळी नाही पडत. तुमच्यासारखी जुनी खोडं आली की पडतं."

काका काट्यावर उभे राहिले. "आणि हे पाहुणे कोण?"

"ह्यांनीच बनवलंय काका ते."

"अस्सं! मेकॅनिक काय? बघा बुवा बॉनेट उघडून. आमचे मेकॅनिक आधी चहा मागायचे, मग पाना उचलायचे."

लिफ्टवाला पहिल्यांदाच हसला. नर्सनं पडद्यावरून काकांचं ठरलेलं वजन वाचलं. अंगात पाणी साठलेलं नसताना माणसाचं जे वजन असतं, ते डॉक्टर ठरवून देतात; आजच्या वजनातून ते वजा केलं की मशीननं किती पाणी ओढायचं ते कळतं. नर्सनं आकडा मशीनवर लावला. काका खुर्चीत रेलले.

लिफ्टवाल्यानं कंप्युटर पुढ्यात ओढला. जुनी खोडं, हे दोन शब्द त्याच्या डोक्यात कुठेतरी अडकले होते. नोंदी त्यानं वाचल्या नाहीत, नुसती त्यांची मापं काढून बघितली. इथं प्रत्येक पेशंटची सगळी कथा एकाच नोंदीत होती, आणि दर खेपेला तिच्या शेपटीला नवा मजकूर जोडला जायचा. जो जितका जास्त जगला, तितकी त्याची नोंद लांब. ड्रायव्हरकाकांची सगळ्यांत लांब. त्यानं घरी उभे केलेले खोटे पेशंट सगळे कालचेच होते. आजारपणात म्हातारं होणं त्याला सुचलंच नव्हतं.

त्या मापाकडे तो बघतच राहिला. ते मधल्या मापात बसत होतं. पडवीतून वळसा घालून आत जाणारं.

आणि मग त्याला बोक्याची एक खोड आठवली. नोंद वाढायला लागली की बोका तिला मागितली तेवढीच जागा द्यायचा नाही. लहान मुलाला वाढत्या अंगाचे कपडे घ्यावेत तशी निम्म्यानं जास्त द्यायचा. पुन्हा पुन्हा खोली बदलायला नको म्हणून. मागणी चिठ्ठीत मावत होती. मागणी अधिक निम्मी मावत नव्हती. बसच्या मीटरचे सगळे नऊ भरले की पुढच्या किलोमीटरला तो शून्यावर येतो, तसा चिठ्ठीतला आकडा उलटत होता. प्रशस्त दालनाच्या दारावर पाटी लागत होती 'कपाट'. मॅनेजर पाटी वाचून उरलेली जागा दुसऱ्याला देत होता. एका खोलीत दोघं, एकाच्या उशाशी दुसऱ्याचे पाय. मग पुढचा कोणीतरी खोली मागायला आला की मॅनेजरच्या खुणाच तुडवलेल्या सापडायच्या, आणि कणगी कोसळायची.

नेमकं हेच होऊ नये म्हणून बोक्यानं तोंडाशी अडसर घातला होता.

तेवढ्यात हॉलमध्ये काहीतरी आदळलं. ड्रायव्हरकाकांच्या पायात गोळे आले होते. कळवळून ते उठायला गेले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कपाळ शेजारच्या ट्रॉलीच्या कोपऱ्यावर बसलं. नर्स धावली, ताई धावली. डॉक्टर आतून आले, मशीनवरचा आकडा बघून थबकले.

"एवढं पाणी कोणी ओढायला सांगितलं? मागच्या खेपेला मी त्यांचं वजन वाढवून दिलं होतं ना!"

"पडद्यावर हेच आहे सर," नर्स म्हणाली. "मी बघून लावलंय."

"मागच्या खेपेला तुम्ही लिहिलंत आणि कंप्युटर पडला होता सर," ताई म्हणाली. "मग उठला. आम्हाला वाटलं, उठला म्हणजे सगळं आलं."

लिफ्टवाला स्टुलावर बसून होता. पडद्यावर डॉक्टरांचा जुना आकडा होता. नवा आकडा ज्या खोलीत ठेवला होता, ती खोली कोणी कोणाला दिली हे त्या हॉलमध्ये त्याला एकट्याला माहीत होतं.

जाताना त्यानं पडवीतलं माप खाली आणून ठेवलं. काकांच्या मापाच्या नोंदी आता आत न जाता परस्पर बाहेरूनच भागणार. ताईला सांगितलं, आता पडणार नाही. ती बरं म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं. ती फरशीवरचं रक्त पुसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी डब्याच्या वेळेला त्यानं मशीनच्या खोलीत बोक्याची फाइल उघडली. इतक्या वर्षांत त्यानं ती पहारेकऱ्यासारखी बघितली होती, वाचली नव्हती. अडसराच्या वर बोक्याची टीप होती. कंप्युटर अशा टिपा वाचत नाही, त्या माणसासाठी असतात. 'हे अडवणं तात्पुरतं आहे. चिठ्ठी मोठी करायला हवी. कंटाळा आलाय, नंतर नीट करतो.'

ही टीप त्याला पाठ होती. कंटाळा आलाय, हे शब्द वाचले की बोक्याचा आळसावलेला आवाज कानात यायचा, म्हणून तो ती अधूनमधून उघडायचा. पण ती कोणाला तरी सांगितलेलं काम आहे, आणि सांगणारा गेल्यावर ते आपल्याकडे आलंय, हे त्याच्या टाळक्यात कधी शिरलं नव्हतं.

खाली त्याची पिशवी उघडी पडली होती. लाल वायर वरच होती. तो उठला आणि पिशवीचं तोंड बंद केलं.

आता खरं तर काही करायची गरज उरली नव्हती. माप खाली आणलंय, कणगी पडत नाही, बोक्याची प्रत्येक ओळ जागेवर. त्यानं तेवढीच दुरुस्ती मुकादमांना पाठवून दिली. फोन लगेच आला.

"दादा, चालतंय. पण कारण काय लिहू?"

"लिहा, माप चुकलं होतं."

"का चुकलं होतं?"

"चुकलं होतं म्हणजे चुकलं होतं! आता प्रत्येक गोष्टीचा पंचनामा करणार का?"

"उद्या दुसरं कोणीतरी तुमच्या पडवीचं माप वाढवेल. त्याला कळायला नको, का वाढवायचं नाही ते?" मुकादमांचा आवाज तसाच मऊ. "ते ड्रायव्हर कसे आहेत?"

"टाके पडलेत." मग तो म्हणाला, "जरा थांबा. अजून पुढं पाठवू नका."

संध्याकाळी तो चष्म्याच्या दुकानात गेला. वहिनी काउंटरमागे एका फ्रेमच्या काडीत स्क्रू बसवत होत्या. स्क्रू तिळाएवढा, स्क्रूड्रायव्हर सुईएवढा. त्यांनी वर न बघता विचारलं, "आज इकडे कुठं भाऊजी? डोळे तपासायचेत का?"

त्यानं सगळं सांगितलं. लॉज, चिठ्ठी, अडसर, पडवी, काकांचं कपाळ. सांगता सांगता त्याचा आवाज चढला, मग बसला. शेवटी म्हणाला, "नीट करायचं तर जवळजवळ सगळी फाइल बदलावी लागेल. प्रत्येक ओळीत ती चिठ्ठी आहे. म्हणून विचारायला आलो."

"मला?"

"मी शब्द दिला होता."

वहिनींनी फ्रेम खाली ठेवली. "ह्यांनी स्वतः लिहून ठेवलं होतं, तात्पुरतं आहे म्हणून?"

"हो."

"तुम्ही वाचलं होतं?"

"पाठ होतं."

"मग एवढी वर्षं केलं का नाहीत?"

त्यानं खिशातून फोन काढला आणि बोक्याच्या नावांचं ते पान उघडून काउंटरवर ठेवलं.

"मी विचारलं होतं, पुसणार नाही ना कोणी," वहिनी म्हणाल्या. "तेव्हा मला काय कळत होतं? नवरा जाऊन चार महिने झाले होते. मी काहीही मागितलं असतं. तुम्हाला तर कळत होतं ना? तो म्हातारा तिकडे डोकं फोडून घेतोय आणि मी इथं बसून त्याच ओळी बघतेय. आणि बघून मला बरं वाटत होतं हो भाऊजी." त्यांचा आवाज चिरकला, पण हात काउंटरवर तसेच स्थिर होते. "ह्यांच्या नावावर हे नको होतं घालायला तुम्ही."

एक गिऱ्हाईक आत आलं. वहिनींनी पदरानं नाक पुसलं आणि त्याला फ्रेम दाखवायला लागल्या. लिफ्टवाला थोडा वेळ आरशापाशी उभा राहिला. चहूकडे आरसेच होते, कुठं बघायची सोय नव्हती. मग तो निघाला.

काम तसं अवघड नव्हतं. हेच तर जास्त लागलं त्याला. पुढच्या रविवारी दिवसाउजेडी बसून त्यानं चिठ्ठी मोठी केली. एक ओळ बदलली की डावीकडचं नाव बदलायचं. बोका जात होता, त्याचं स्वतःचं नाव येत होतं. वरून खाली, वरून खाली. अडसर काढला, कारण आता तो लागणार नव्हता. टीप सगळ्यांत शेवटी काढली. काम झाल्यावर टीप ठेवत नाहीत. मग पडवी पाडली. कारणाच्या जागी त्यानं लिहिलं: 'आतला अडसर मी बाहेरून चुकवला होता. बोक्यानं सांगून ठेवलेलं काम आज केलं. उशीर माझा.' प्राध्यापकांना वेगळा निरोप पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही.

मुकादमांनी दुरुस्ती आत घेतली. बाकी कोणी एका शब्दानं काही बोललं नाही. कणगी पडायची थांबली, आणि जे पडत नाही त्याबद्दल कोणी कोणाला फोन करत नाही. तो एकदा केंद्रात जाऊन आला. ड्रायव्हरकाका खुर्चीत होते. कपाळावर आडवा व्रण, चेहरा उतरलेला. त्यांनी ओळखलं नाही. चेष्टाही केली नाही. ताई म्हणाली, त्या दिवसापासून ते मशीनला घाबरतात, हात धरून बसवावं लागतं.

वहिनींचा फोन नंतर कधीतरी दुपारी आला. तो एका इमारतीच्या गच्चीवर होता.

"मी बघितलं ते पान," वहिनी म्हणाल्या.

"हं."

"सगळं तुमचंच नाव आहे."

"हो."

 मशीनच्या खोलीत चाक फिरलं, थांबलं. कोणीतरी खालच्या मजल्यावर उतरलं असेल.

"अगदी खाली एका ओळीवर ह्यांचं नाव आहे अजून. तिथं काही लिहिलेलं दिसत नाही. नुसतं वाकडं चिन्ह आहे."

"कंस आहे तो, वहिनी. सुरू केलेलं बंद करायचा. त्याला हात लावायची वेळ आली नाही."

"मग तेवढं तरी राहील ना?"

त्याच्या तोंडावर आलं होतं, मी आहे तोवर. आलेलं तसंच गिळून त्यानं गच्चीच्या कठड्याबाहेर बघितलं. उद्या कोणीतरी फाइल नीटनेटकी करायला घेईल, ओळी पुढंमागं सरकवेल, आणि कंसासमोर तिसरंच नाव येईल. त्याला अडवायला कारण उरलं नव्हतं.

"सांगता येत नाही, वहिनी," तो म्हणाला.

पलीकडून दुकानातला पंखा तेवढा ऐकू येत होता. मग तोही थांबला, आणि त्याला कळलं की फोन ठेवलाय.